उपग्रह रेडिओ दुरुस्ती

लातोरे रस्ता सांडपाण्याच्या नळांसाठी खणून ठेवला होता, म्हणून टेलिफोन कचेरी सुटल्यावर क्वाद्रा त्या दिवशी नेहमीची वाट सोडून मागच्या गल्लीने वळला. कापडाचं दुकान, दात बसवणारा डॉक्टर, चपला शिवणारा, आणि मग एक निळी पाटी. ‘उपग्रह. रेडिओ दुरुस्ती. मालक : एवारिस्तो ओलिवारेस.’ अक्षरांच्या शेजारी पिवळ्या रंगात एक लांबट नळकांडं काढलं होतं, कमरेशी चार बारीक तारा फुटलेलं. क्वाद्रा थांबला. दुसऱ्या कोणी पाटी रंगवली असती तर चेंडू काढला असता, मिशा फुटलेला चेंडू. वर्तमानपत्रांनी सगळ्या जगाला उपग्रह म्हणजे चेंडू असंच शिकवलं होतं. हा चेंडू नव्हता. हा तो होता. ह्या अख्ख्या गावात हे चित्र बरोबर आहे असं सांगू शकणारी दोनच माणसं होती. एकाने ते काढलं होतं आणि दुसरा समोरच्या फुटपाथवर टोपी हातात धरून उभा होता. टोपी कधी काढली ते त्याला आठवेना. आधी त्याला हसू आलं, आणि मग जिभेच्या मुळाशी तांब्याची तार चाटल्यासारखी चव आली. नऊ वर्षं ज्या गोष्टीवरून गाव ह्या माणसाला टोचत आलं, तीच गोष्ट त्याने चांगला तेलरंग आणून, खाली सावली देऊन, दारावर लावली होती. काचेतून आतलं दिसत होतं. गिऱ्हाईक बाई हसत होती. गल्ल्याच्या मागे पांढऱ्या डोक्याचा एक माणूस स्क्रूड्रायव्हर हवेत धरून तिला काहीतरी सांगत होता, आणि तोही हसत होता. क्वाद्राला वाटलं, आपल्या खिशातून कोणीतरी काहीतरी काढून घेतलंय. त्याने खरोखरच खिसा चाचपला.

आंतोफागास्तामध्ये एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वाळवंट. मधल्या चिंचोळ्या पट्टीत एखाद्या माणसाला नऊ वर्षं टाळायचं म्हणजे सोपं काम नाही. क्वाद्राने ते केलं होतं. मासळीबाजारात पलीकडच्या दाराने जायचं, चौकातल्या घड्याळाखाली थांबायचं नाही, न्हावी बदलायचा. एवढं करूनही ओलिवारेस त्याला भेटत असे, दुसऱ्यांच्या तोंडून. दारूच्या गुत्त्यात कोणी ‘पिप् पिप्’ म्हटलं की सगळे हसत, आणि गोष्ट सांगायची पाळी आली की ती क्वाद्रावर येई, कारण तो उपग्रह ऐकायच्या त्या स्टेशनावर नोकरीला होता. तो सांगेही. सगळ्यांत चांगली तोच सांगायचा. ओलिवारेसची मान कशी ताठ झाली, बोट कसं वर गेलं, गोऱ्या साहेबाने हात कसा हलवला. कुठे थांबायचं आणि कुठे आवाज खाली आणायचा हे त्याला हळूहळू कळत गेलं होतं. एका वसंतोत्सवात तर मिरवणुकीतल्या गाडीवर एकाला कानांवर दोन वाट्या बांधून, बोट वर करून उभं केलं होतं. लोक हसून लोळले. क्वाद्रा गर्दीत होता. त्याला फक्त एवढंच वाटलं की बोट डाव्या हाताचं दाखवलंय, ते उजव्या हाताचं हवं.

ते उजव्या हाताचंच होतं. त्याने ते मागून पाहिलं होतं. शहराच्या मागे, पठारावरच्या खारट सपाटीवर ते स्टेशन होतं. चार पत्र्याच्या खोल्या, आणि पुढे मैलभर, उलट्या टाकलेल्या बाजांसारख्या लोखंडी जाळ्यांच्या रांगा. आकाशातून जाणाऱ्या उपग्रहाचा आवाज त्या जाळ्यांत पकडायचा, आतल्या यंत्राकडे आणायचा, आणि मग कागदाच्या सरकत्या पट्टीवर एक पेन त्याचा माग काढत जायचं. साहेब टॉलिव्हर नावाचा एक उंच अमेरिकन होता. त्याची मान उन्हाने नेहमी सोललेली. त्याच्या हाताखाली दोघे, ओलिवारेस आणि क्वाद्रा. ओलिवारेस चाळिशीचा, बंदरावर जहाजांच्या तारा घेण्यात आयुष्य गेलेलं. पेन हलायच्या आधी त्याचा कान हलायचा. त्या वर्षी मार्चमध्ये पहिला उपग्रह ह्या डोक्यावरून गेला तेव्हा त्याने पेनच्या दोन सेकंद आधी बोट वर केलं होतं, आणि टॉलिव्हर त्यावर इतका खूष झाला की बायको स्टेशन बघायला आली तेव्हा त्याने ओलिवारेसला ते पुन्हा करून दाखवायला लावलं. क्वाद्राचं नाव टॉलिव्हरच्या तोंडात कधी नीट बसलं नाही. तो त्यांची ओळख करून देताना म्हणायचा, हा ओलिवारेस, आणि हा दुसरा. क्वाद्रा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्याचा हात अतिशय स्थिर होता, यंत्रांची बटणं तो केसाएवढी फिरवू शकायचा, पण हाताकडे कोणी बघायला येत नाही; वर केलेलं बोट सगळ्यांना दिसतं.

मग हिवाळ्यातला तो दिवस. उत्तरेकडल्या कुठल्याशा विद्यापीठात पोरांनी तळघरात बसून, आपल्या हातांनी तारा जोडून ते नळकांडं बनवलं होतं, आकाशातले न दिसणारे किरण मोजायला. सकाळी अकरा वाजता तारयंत्रावर संदेश आला : सुटला. त्यानंतर ते यंत्र मुकं झालं. लीमाच्या पलीकडे कुठेतरी लाइन तुटली होती आणि संध्याकाळपर्यंत जुळणार नव्हती. हिशेबाप्रमाणे सव्वीस मिनिटांनी उपग्रह ह्या पठारावर यायचा. टॉलिव्हर पलीकडच्या खोलीत तारयंत्राला शिव्या घालत होता, ओलिवारेस कानाला हेडफोन लावून पट्टीसमोर बसला होता, आणि क्वाद्राला बॅटऱ्यांच्या खोलीत पाठवलं होतं. त्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. त्यातून ओलिवारेसची पाठ दिसत होती, विणलेला तपकिरी स्वेटर, मानेवर नुकतेच कापलेले केस. जाळ्यांकडून येणारी जाड केबल त्याच खोलीतून भिंतीला धरून जायची. आणि फळीवर, बिस्किटाच्या डब्याएवढा, चाचणीचा ऑसिलेटर होता. उपग्रहासारखाच सूर काढणारा, यंत्रं ठीक आहेत ना ते बघायला ठेवलेला. सकाळी क्वाद्रानेच तो कपाटातून आणला होता आणि परत ठेवायचा कंटाळा केला होता. ठरवून केलं असं त्याला पुढे कधी म्हणता आलं नाही. न ठरवता केलं असंही नाही. त्याने ऑसिलेटरची तार केबलजवळ नेली आणि बटण इतकं हळू फिरवलं की सुरुवातीला काहीच झालं नाही. मग ती पाठ ताठ झाली. बोट वर गेलं. उपग्रह डोक्यावरून जाताना त्याचा सूर हळूहळू खाली उतरतो. क्वाद्राने तो अंगठ्याने उतरवत आणला, साडेतीन मिनिटं, आणि दूर जाणाऱ्या माणसाच्या पावलांसारखा विरवून टाकला. त्याच्या आयुष्यात इतकं सुबक काम त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. आता आत जायचं आणि खदखदून हसायचं, एवढंच बाकी होतं. तो दारापर्यंत गेलाही. पण टॉलिव्हर आधीच आला होता, पट्टी दोन्ही हातांत धरून उभा होता, आणि ओलिवारेसच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

त्यानंतर सांगण्यासारखी वेळ आलीच नाही. दर अर्ध्या तासाने ती जास्त अवघड होत गेली. दुपारी गावातल्या पेपरचा फोटोवाला आला आणि ओलिवारेसने त्याच्यासाठी बोट वर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन जुळली आणि तारयंत्राने कालचं सगळं एका दमात ओकलं. खालचं रॉकेट सुटून मागे पडायच्या ऐवजी वरच्याला जाऊन धडकलं होतं. पहिल्या काही मिनिटांतच सगळा खेळ आटोपून समुद्रात गेला होता. पठारावर पेन सुराची रेघ काढत होतं तेव्हा तो उपग्रह अटलांटिकच्या पाण्याखाली होता. त्याच सकाळी गावातल्या पेपराच्या पहिल्या पानावर ओलिवारेसचं बोट छापून आलेलं. टॉलिव्हर फार कमी बोलला. त्याने क्वाद्राला आत बोलावून विचारलं, काल चाचणीचा ऑसिलेटर कुठे होता? क्वाद्रा म्हणाला, “कपाटात.” एवढंच. एक शब्द. कपाट ओलिवारेसच्या खुर्चीला लागूनच होतं. टॉलिव्हरने त्यावरून जे ताडायचं ते ताडलं : माणूस कौतुकाला चटावला, आणि स्वतःच्याच हाताने सूर वाजवून बसला. ओलिवारेस जायला निघाला तेव्हा साहेबाने पट्टीची गुंडाळी त्याच्या अंगावर टाकली. घेऊन जा, म्हणाला, ही तुझीच आहे. ओलिवारेस वाकून ती जमिनीवरून उचलत होता, आणि क्वाद्रा बॅटऱ्यांच्या खोलीच्या दारात उभा राहून फडक्याला हात पुसत होता. हात कोरडेच होते.

पाटी पाहिल्यावर आठ दिवस क्वाद्राने त्या गल्लीचं नाव काढलं नाही. नवव्या दिवशी, गुरुवारी, उशाजवळच्या रेडिओतली एक तार त्याने स्वतःच सोल्डरपासून उपटली आणि तो काखेत मारून दुकानात गेला. काय बोलायचं ते त्याने वाटेत तीनदा घोकलं होतं. त्याची गरज पडली नाही. ओलिवारेसने चष्म्यावरून पाहिलं, गल्ल्याची फळी उचलून बाहेर आला आणि त्याला मिठी मारली. अंगाला राळेचा आणि कांद्याचा वास येत होता. “क्वाद्रा. अरे, मला वाटलं तू दक्षिणेकडे गेलास. ओर्तेन्सिया, बाहेर ये, बघ कोण आलंय. मी सांगतो ना तुला, सगळे हसले, एकटा हा हसला नाही, तोच हा.” आतून एक किडकिडीत बाई हात पुसत आली. क्वाद्रा तिला वहिनी म्हणाला आणि तो शब्द त्याच्या तोंडून इतका सहज निघाला की त्याचा त्यालाच अचंबा वाटला. आपण ह्याच्यासमोर कधी हसलो होतो का, हे तो आठवत होता. समोर नव्हतो हसलो. ते खरं होतं. ओलिवारेसने रेडिओ उघडला, तुटलेली तार एका नजरेत पाहिली, आणि उपटलेली तार आपोआप तुटलेल्या तारेपेक्षा वेगळी दिसते हे त्याच्यासारख्याला कळल्याशिवाय राहिलं नसणार. त्याने ती जोडून दिली. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर, काचेच्या चौकटीत, हातभर लांबीची कागदाची पट्टी होती. क्वाद्राने ती तेव्हाच पाहिली होती, आत पाऊल टाकल्याबरोबर. रेघ फिकी पडली नव्हती. डावीकडून उजवीकडे ती अशी उतरत गेली होती, की डोळ्याला ती बघत राहावंसं वाटावं.

तो दर गुरुवारी जायला लागला. कचेरी सुटली की जायचं, साडेपाचच्या चहाला बसायचं. ओर्तेन्सिया पाव भाजून त्यावर अवोकाडो कुस्करून द्यायची, मीठ जरा जास्त. आपण का जातो ते क्वाद्राने स्वतःला निरनिराळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं. पश्चात्ताप, असं एकदा म्हणून बघितलं. शब्द चांगला होता, पण आत कुठे टेकत नव्हता. खरं म्हणजे त्याला त्या माणसाचा राग यायचा. ओलिवारेस वेडा झाला असता, दारूडा झाला असता, भांडत असता, तर क्वाद्रा त्याच्यासाठी रडलाही असता. पण हा माणूस शांत होता. कोणी चेष्टा केली की म्हणायचा, बुडाला असेल बाबा, ते लोक म्हणतात तर बुडालाच असेल. मी काय ऐकलं ते मी ऐकलं. आणि पुन्हा सोल्डर लावायला लागायचा. लोक दुरुस्तीला येत आणि गोष्ट ऐकायला थांबत. तो ती अगदी साधी सांगायचा, न रंगवता, दोन मिनिटांत. आणि ऐकणारा, हसायला आलेलाही, शेवटी चौकटीजवळ जाऊन मान तिरकी करून उभा राहायचा. रेघेच्या शेवटाकडे एक खंड होता. तीन सेकंद पेन सरळ चाललं होतं, सूरच नसल्यासारखं, आणि मग पुन्हा जागेवर आलं होतं. ओलिवारेसचा सगळा जीव त्या तीन सेकंदांत होता. त्याने तीन ताव भरून आकडेमोड केली होती. धडक बसली तेव्हा वरचा तुकडा कोलांट्या खात एकटाच वर गेला असणार, एकदा ह्या डोक्यावरून जाऊन मग पडला असणार. कोलांटी खाताना तारा पाठमोऱ्या झाल्या की तेवढा वेळ आवाज बंद पडणार. “बनावट असती,” तो एकदा क्वाद्राला म्हणाला, “तर हा खंड कशाला कोण घालेल? खोटं करणारा माणूस असली चूक करत नाही. ते खऱ्यालाच सुचतं.” क्वाद्राने पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला.

ओर्तेन्सियाने त्याला बाकीचं सांगितलं, नवरा शेजारच्या गल्लीत व्हॉल्व्ह आणायला गेलेला असताना. पहिलं वर्षभर तो खिडकी लावून बसायचा. पाव आणायलासुद्धा बाहेर जायचा नाही, कारण बेकरीवाल्याचा नोकर पिठाच्या हातांनी बोट वर करून दाखवायचा. ती माहेरी जायला निघाली होती, बॅग भरून झाली होती. त्या दिवशी त्याने ती गुंडाळी काढली, फरशीवर पसरली, दिवसभर गुडघ्यांवर बसून वाचली, आणि संध्याकाळी उठून म्हणाला, मी ऐकलं होतं. “त्या दिवशी माझा माणूस परत आला बघा,” ओर्तेन्सिया म्हणाली. “त्या कागदावर हे घर उभं आहे, भाऊजी. ह्या विटा वगैरे उगाच.” क्वाद्राने मान हलवली. त्याच वेळी त्याच्या मनात जे आलं ते इतकं स्पष्ट होतं की आपण ते मोठ्याने बोललो की काय, अशी त्याला शंका आली. तो कागद माझा आहे. ती रेघ मी काढली आहे, ह्या अंगठ्याने. घर उभं असेल तर ते माझ्यावर उभं आहे, आणि इथे येणारा एकही माणूस माझ्याकडे मान तिरकी करून बघत नाही. तो सबंध आठवडा टेलिफोन कचेरीत तो लाइनी तपासत बसला, एकामागून एक, आणि प्रत्येक रिसिव्हरमध्ये तोच सपाट सूर होता. त्याला वाटलं, ह्यातला कुठलाही सूर मी खाली उतरवून दाखवू शकतो, आणि कोणाला पत्ता लागणार नाही.

ऑगस्टात ओलिवारेसने पत्र लिहिलं. ज्या विद्यापीठातल्या पोरांनी तो उपग्रह बनवला होता त्यांना, बंदरावरच्या एका इंग्रजाकडून तपासून घेतलेल्या इंग्रजीत, सोबत पट्टीचा फोटो आणि ते तीन ताव. त्याला नोकरी परत नको होती, माफीही नको होती. पोरांना एवढं कळू दे, म्हणाला, की त्यांचं काम सगळंच्या सगळं पाण्यात गेलं नाही. एक फेरी तरी झाली. तो त्या अनोळखी पोरांविषयी असं बोलायचा की जणू ती पठाराच्या पायथ्याशी राहत होती. पत्राखाली दोन सह्यांची जागा होती. एक त्याची, आणि एक त्या दिवशी स्टेशनावर हजर असलेल्या साक्षीदाराची. ओर्तेन्सिया मावशीकडे गेली होती. दुकानात दोघेच होते, बाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं आणि काचेतून समोरचा चपला शिवणारा पुसट होत चालला होता. ओलिवारेसने पेनचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं. क्वाद्राने कागदाकडे पाहिलं. आपलं नाव टाइप केलेलं होतं, पूर्ण, एरिबेर्तो क्वाद्रा बास्कुन्यान, एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. आणि त्यापुढे, साक्षीदार. म्हणजे पुन्हा दुसराच. सही करणं सोपं होतं. तिकडून उत्तर काही आलं नसतं, आलं असतं तर दोन ओळींचं गोड पत्र आलं असतं. हे सगळं त्याला त्या क्षणी कळत होतं. त्याने पेन खाली ठेवलं.

“तो ऑसिलेटर कपाटात नव्हता,” तो म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. सांगताना आपला आवाज किती चांगला लागलाय हे त्याच्या लक्षात आलं. दार किती उघडं होतं, तार केबलपासून किती बोटं दूर धरली, बटण कितव्या खुणेपासून कितव्या खुणेपर्यंत आणलं. गुत्त्यात सांगायचा त्या गोष्टीला एक बाजू कमी होती, ती आता पहिल्यांदाच जागेवर बसत होती. ओलिवारेस खुर्चीवर हात ठेवून उभा होता, तो बसला नाही. मधे फक्त एकदा त्याने चष्मा काढला आणि परत घातला. क्वाद्राचं सांगून झालं तेव्हा त्याने वळून चौकटीकडे पाहिलं, तसंच पाहत राहिला, आणि एका कारागिराने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं, “मग हा खंड?”

“तुमची पाठ दिसत होती,” क्वाद्रा म्हणाला. “बोट वर. मला हसू आलं. हात तोंडावर नेला, तेव्हा तार सुटली.”

चपला शिवणाऱ्याने दिवा लावला. धुक्यात तो दिवा केवढातरी मोठा दिसला. ओलिवारेस काहीतरी करील, ह्याची क्वाद्रा वाट पाहत होता. मारील. रडेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, त्याचा चेहरा त्यासाठी तयारही होता. पण ओलिवारेस रेघेवरून बोट फिरवत राहिला, काचेवरून, डावीकडून उजवीकडे. “उतार अगदी बरोबर आहे,” तो शेवटी म्हणाला. “मी नऊ वर्षं ताडून बघितलाय. कुठेही चूक नाही. एवढा वेळ हात स्थिर ठेवणं... मला नसतं जमलं.” आणि क्वाद्राला, त्या खोलीत, त्या माणसासमोर, कानांपर्यंत ऊब चढली, आनंदाने. त्याला ती थांबवता आली नाही. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली होती ते हेच होतं, आणि ते देऊ शकणारा माणूसही हाच एकटा होता. ओलिवारेसने पत्राची घडी घातली, तीन ताव त्यात ठेवले आणि सगळं खणात टाकलं. “ओर्तेन्सियाला सांगू नकोस,” तो म्हणाला. क्वाद्रा बाहेर पडला. वाटेत त्याला सडकून भूक लागली. बाजाराजवळच्या खानावळीत बसून त्याने माशाच्या रश्श्याचे दोन वाडगे घेतले, घरी जाऊन आडवा झाला, आणि सकाळी मोलकरणीने दार ठोठावेपर्यंत त्याने कूस बदलली नव्हती.

पुढच्या गुरुवारी दुकान बंद असेल अशी त्याची खात्री होती. बंद दार बघायचं आणि परत यायचं, एवढ्यासाठीच तो गेला. दुकान उघडं होतं आणि आत गर्दी होती. कॉन्व्हेंटच्या बारा-चौदा मुली, निळ्या झग्यांतल्या, दोन रांगांत उभ्या होत्या, त्यांच्यामागे घामेजलेली एक नन. ओलिवारेस गल्ल्यावर चढून बसला होता. त्याने कोट घातला होता. क्वाद्राने त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पठारावर त्या दिवशी वारा पडला होता, तो सांगत होता, इतका की आपल्या रक्ताचा आवाज कानात यायचा. आणि मग तो आला, मुलींनो, अगदी हळू, लांबून कोणीतरी आपलं नाव घ्यावं तसा. तीन सेकंद तो थांबला. श्वास घ्यायला थांबतात ना, तसा. मला वाटलं, संपलं. पण नाही, पुन्हा बोलायला लागला. बोट वर होतं, उजव्या हाताचं. ह्यातलं वाऱ्याचं आणि नाव घेण्याचं सगळं नवीन होतं. त्याने दाराकडे पाहिलं, त्याला क्वाद्रा दिसला, आणि बोट जराही खाली न आणता तो म्हणाला, “हे बघा, क्वाद्रासाहेब आलेच. हे तिथे होते. खोटं वाटत असेल तर ह्यांना विचारा.” बारा-चौदा चेहरे वळले. ओलिवारेसने त्याला साहेब कधीच म्हटलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या, दात पडलेल्या एका मुलीने विचारलं, तुम्हीपण ऐकलात?

“हो,” क्वाद्रा म्हणाला.

“कसा होता?”

त्याने ओलिवारेसकडे पाहिलं. परीक्षा घेणारे मास्तर पाहतात तसा तो शांतपणे पाहत होता, आणि थांबून होता. क्वाद्राने ओठ पुढे काढून आवाज करून दाखवला. मुली खिदळल्या. ननने त्यांना दटावलं. ओलिवारेस म्हणाला, नाही, इतका जाड नव्हता, पुन्हा करा. आणि क्वाद्राने पुन्हा केला, अधिक बारीक, आणि ओलिवारेस म्हणाला, हं, आता शेवटी खाली येऊ द्या. त्याने तो खाली आणला. त्याचा अंगठा टोपीच्या कडेवरून, बटण फिरवल्यासारखा, सरकत गेला.

मुली गेल्यावर चहा झाला. ओर्तेन्सियाने पाव भाजला, अवोकाडो कुस्करला. ती आनंदात होती. “पूर्वी इतकं रंगवून सांगत नसत,” ती क्वाद्राला म्हणाली. “मी म्हणायची, अहो, जरा घोळवून सांगा, लोकांना आवडतं. तर म्हणायचे, जे झालं तेच सांगावं. आता ह्या आठवड्यात बघा. येईल त्याला धरून सांगतात. झोपेतसुद्धा बोलतात.” ओलिवारेसने बायकोच्या बशीत मिठाची डबी सरकवली आणि हसला. खाताना त्याने एकदाही चौकटीकडे पाहिलं नाही. तो आता पाठ करून बसत होता. निघताना तो क्वाद्राला पोचवायला दारापर्यंत आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ओर्तेन्सियाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाला की येत्या गुरुवारी बंदरावरच्या कामगारसंघाचे लोक येणार आहेत, त्याच्या पुढच्या गुरुवारी पेपरवाले.

“मला कदाचित कचेरीत—” क्वाद्रा म्हणाला.

“येशील,” ओलिवारेस म्हणाला. “मी एकटा सांगायला लागलो की मधेच अडकतो. तू समोर असलास की जमतं.”

त्याने खांद्यावरचा हात काढला नाही. गल्लीत चपला शिवणारा दुकान आवरत होता. त्याने दोघांकडे बघून हात केला, आणि दोघांनीही त्याला हात केला.